गोमाकाकांची जाळी

रविवारी धामणकर नाक्याजवळच्या मटणाच्या दुकानात लोक नळीवरून भांडतात. आमचे शेजारी गोमाकाका मात्र बोकडाच्या पोटातली चरबीची पातळ जाळी मागून घेतात आणि दोन्ही हातांनी उजेडात धरून तपासतात. सारी हयात त्यांनी लूमच्या कारखान्यात कापडाचे ताके तपासण्यात घालवली. एखादं मोठं भोक दिसलं की म्हणतात, "माल फॉल्टी हाय, दुसरा दाखव." खाटीक "काका, बकरा है, ताका नहीं" असं म्हणतो, पण दुसरी काढून देतो.

घरी ते कलेजीला हिरवं वाटण लावतात, जाळीत गुंडाळतात आणि मंद आचेवर तव्यात भाजतात. चरबी वितळून आत मुरते. नुसता वास आला तरी माझं पथ्य खिडकीशी जाऊन उभं राहतं.

मध्यंतरी काकांचा गुडघा धरला आणि जाळी आणायचं काम माझ्याकडे आलं. "नुसती आन, बाकी काय करू नको," असं त्यांनी बजावलं होतं. पण स्वच्छतेबद्दल माझी मतं ठाम. मी ती गिझरच्या कडकडीत पाण्याखाली धरली. बघता बघता निम्मी जाळी विरघळली, सिंक तुंबलं, आणि बायको जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उरलेली लक्तरं घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी सवयीने ती उजेडात धरली. रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"तुझ्या काकीला दुसरं काय गोड लागत न्हाय रे," एवढंच म्हणाले.

काकी हल्ली माणसं ओळखत नाहीत, बोलत तर नाहीतच. एरवी पेज कशीबशी भरवावी लागते. ही कलेजी तेवढी त्या आपल्या हाताने खातात. अंबाडी गावाकडच्या माहेराहून ही रीत त्यांनीच आणली आणि काकांना शिकवली. आता दुसरी जाळी मिळायची नव्हती, दुकानातला माल संपला होता.

काकांनी तुकड्याला तुकडा जोडून कलेजी गुंडाळली. व्हायची तीच झाली, कोरडी. मी चोरासारखा ताटली धरून उभा राहिलो. काकींनी एक घास चावला, तोंड वाकडं केलं आणि कितीतरी दिवसांनी बोलल्या.

"कोरडी झाली. आमच्या यांना सांगा करायला. त्यांच्यासारखी कुनाला जमत न्हाय."

काका टॉवेलच्या टोकाने त्यांचे ओठ पुसत हळूच म्हणाले, "सांगतो हां त्यांना. येत्या रविवारी नक्की करतील."