उंबरठ्याचा मान

प्रत्येक मोठ्या कामाला दोन टोकं असतात. एका टोकाला काम होतं, दुसऱ्या टोकाला नाव होतं. या दोन टोकांमध्ये किती अंतर असावं याविषयी शास्त्रांत एकमत नाही. हॉकीत मात्र ते ठरलेलं आहे. मैदान शंभर यार्ड लांब असतं. त्यातले साडेअठ्ठ्याण्णव यार्ड कामाचे, शेवटचा दीड यार्ड नावाचा.

तंजावूरच्या कावेरी हॉकी मंडळात या दीड यार्डाला उंबरठा म्हणतात. तिथे अखिला उभी राहते. वय वर्षं अकरा, नऊ सामने, चौदा गोल. चौदा गोलांत मिळून तिच्या काठीवरून चेंडू एकूण अकरा यार्ड गेला. ती स्वतः मध्यंतरात पाण्याच्या पिंपापर्यंत गेली आणि परत आली. याला आळस म्हणणारे लोक आहेत. त्यांना खेळ कळत नाही. धावणाऱ्याला कुठे जायचं ते चेंडू सांगतो. उभं राहणाऱ्याला ते आतून कळावं लागतं, आणि शक्यतो पिढीजात कळावं लागतं.

अखिलाला ते पिढीजातच कळलं होतं. देवळाच्या उत्सवात जसा एका घराकडे छत्रीचा मान असतो, दुसऱ्याकडे पहिल्या दिव्याचा, तसा मंडळात उंबरठ्याचा मान तिच्या आजोबांच्या, म्हणजे अध्यक्ष शेषगिरीरावांच्या घराकडे होता. शेषगिरीरावांचे वडील त्या जागी बावीस वर्षं उभे राहिले. त्या काळी ऑफसाइडचा नियम असल्यामुळे त्यांचा एकही गोल धरला गेला नाही. पण मान गोलांवर अवलंबून नसतो, म्हणूनच त्याला मान म्हणतात. (पुढे जगाने तो नियमच काढून टाकला. मंडळाच्या वहीत त्याची नोंद ‘उशिरा का होईना’ अशी आहे. वही मराठीत आहे, लिपी तमिळ. देवनागरी येणारे शेवटचे चिटणीस गेल्यापासून असंच चालत आलंय.)

या व्यवस्थेत कुणाचंच काही अडत नव्हतं. अडलं ते विनुताचं.

विनुता बत्तीस वर्षांची, संख्याशास्त्रात एम. एस्सी., आणि काळजी करण्यात त्याहून वरची पदवी. मुलगी नित्या सात महिन्यांची असताना विनुताने तिच्या दहावीची काळजी सुरू केली होती. आता नित्या दहा वर्षांची होती आणि काळजी कॉलेजप्रवेशापर्यंत येऊन ठेपली होती. जिल्ह्याच्या शिबिरात मंडळातली एकच मुलगी घेणार होते. शिबिर झालं की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र असलं की खेळाडूंच्या राखीव जागा, आणि मग एकदाचा आईला श्वास. निवड शेजारच्या पापनाशमविरुद्धच्या सामन्याच्या पत्रकावरून व्हायची. (बाकीच्या सामन्यांची पत्रकं मागवायची तर टपालखर्च येतो.) पत्रकात रकाना एकच: गोल करणारीचे नाव.

नित्या गोल करत नसे. नित्या मधल्या फळीत होती. चेंडू अडवायचा, पळवत डीपर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळापर्यंत, आणायचा आणि अखिलाला द्यायचा, हे तिचं काम. मैदानामागच्या कालव्यात चेंडू पडला की तिच्याच फळीतली वासुकी उतरून काढायची, पुन्हा खेळ सुरू व्हायचा, नित्या पुन्हा पळायची, आणि टाळ्या पुन्हा अखिलाला पडायच्या. विनुता रोज संध्याकाळी स्कूटीवर बसून हे पाहायची आणि वहीत मोजायची. नऊ सामन्यांत चेंडू एकतीस वेळा डीत आला. त्यातल्या बारा वेळा तो नित्याने आणला. (एकोणीस वेळा वासुकीने, पण मुद्दा नित्याचा होता.) अखिलाने: शून्य.

ही वही घेऊन विनुता शेषगिरीरावांकडे गेली. तिची मागणी अगदी साधी होती. पत्रकात आणखी एक रकाना घालावा: चेंडू आणणारीचे नाव.

शेषगिरीरावांनी वही शेवटपर्यंत वाचली. माणूस सभ्य.

“काय गे विनुता, इतकं मोजलीस! आमच्या मंडळांत इतकं शिकलेलं कोण्ही नाही.”

“मामा, रकाना.”

“कॉफी घे अगोदर. रकान्याचं सांगतों. पंगतींत भात कोण शिजवला ते कोण्ही विचारतो कां? तूप वाढतो त्याचा हात दिसतो. पान सोडून उठतांना लोक त्याकडे पाहूनच म्हणतात, जेवण बेस झालं.”

विनुताने कॉफीचा पेला उचलला. तिच्या घरी पहाटेपासून नारळ खवण्यापर्यंत सगळं ती करायची आणि शेवटची फोडणी सासूबाई, चंद्रमतीबाई, द्यायच्या. आल्यागेल्यांत चंद्रमतीबाईंच्या हाताची चव प्रसिद्ध होती.

इथे सांगायला हवं की अन्यायावर उपाय दोन. एक, तो दूर करावा. दुसरा, त्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभं राहावं. पहिल्याला पिढ्या लागतात. दुसऱ्याला अर्ज लागतो. विनुताने कॉफी संपवली, वही पिशवीत घातली आणि विचारलं, “मामा, मग उंबरठ्यावर आणखी एकीला जागा निघेल?”

“आतां कसं बोललीस!” शेषगिरीराव म्हणाले. “मानाला आधार काय तुमच्या घराकडे?”

आधार विनुताने एका रात्रीत शोधला. नवऱ्याचे पणजोबा सीतारामराव यांनी कुठल्याशा सामन्यात खेळाडूंना लिंबं पुरवली होती. चंद्रमतीबाईंना ते स्पष्ट आठवत होतं. (त्यांचा जन्म त्यानंतरचा.) समितीने लिंबं ग्राह्य धरली आणि नित्याला डाव्या खांबालगतची जागा दिली.

नित्याला हे पटलं नाही. “अम्मा, मजला पळायला आवडतं.”

“पळ की. शिबिरांत पळ.”

बातमी गावात फिरली. एका घरातून जाळी शिवलेल्या मामांचा दाखला आला, एका घरातून शिटी उसनी दिलेल्या आजोबांचा. महालक्ष्मी नावाच्या बाईंनी तर मैदानावर आधी आपल्याच घरची म्हैस चरायची, असं शपथेवर लिहून दिलं. समितीने कुणालाच नाराज केलं नाही. पंधरा दिवसांत उंबरठ्यावर नऊ मुली झाल्या. गोलची रुंदी बारा फूट. भागाकार करून प्रत्येकीला सोळा इंच. परिपत्रक निघालं: आपल्या सोळा इंचांबाहेर काठी काढू नये, वेण्या बांधलेल्या असाव्यात, चेंडू आल्यास घराण्याच्या ज्येष्ठतेनुसार मारावा. गोलकीपर मुलीच्या घरानेही अर्ज केला होता, पण पॅड बांधून इतकं लांब चालवत नाही असं तिनेच सांगितल्यावर तो मागे घेण्यात आला. वासुकीच्या घरून अर्ज आला नाही. तिचे वडील टाउन बसवर कंडक्टर. अर्ज स्वीकारण्याच्या वेळेत त्यांची ड्यूटी असे.

सामन्याच्या दिवशी पापनाशमची मुलं-माणसं बसने आली. शिटी झाली आणि तंजावूरच्या नऊ मुली शिस्तीने चालत जाऊन पापनाशमच्या गोलसमोर रांगेत उभ्या राहिल्या. दृश्य इतकं भारदस्त होतं की पापनाशमच्या गोलकीपरने आधी वाकून नमस्कारच केला. मग तिने विचारलं, “अक्का, तुम्ही खेळायला आलांय कां?” नऊजणींपैकी कुणी उत्तर दिलं नाही, परिपत्रकात बोलण्याविषयी काही नव्हतं.

दुसऱ्या टोकाला काम चालू होतं. पापनाशमने पहिला गोल केला, मग दुसरा, मध्यंतरापर्यंत तिसरा. आयांनी आपापल्या मुलीचा फोटो काढून घेतला. सगळ्या एका जागी असल्यामुळे ते सोयीचं होतं. विनुताने मोबाइल नाही, वही उघडली होती. सवयीने तिने ‘आणणारी’ असा रकाना आखला होता आणि तो रिकामा होता. जागा मिळवली, मान मिळवला, खांबही डावा मिळवला; चेंडूचं कुणी बघितलंच नव्हतं.

चौथा गोल झाला. सामना संपायला दोन मिनिटं उरली. तेव्हा मागे एकटी राहिलेली, अर्ज न केलेली ती मुलगी चेंडू घेऊन निघाली. एकीला तिने डावीकडून चुकवलं, दुसरीला उजवीकडून, तिसरी आपोआप घसरली. अर्ध्या मैदानानंतर पापनाशमचे लोकसुद्धा उभे राहिले. डीत शिरल्यावर तिने मान वर केली. समोर नऊ काठ्या. तिने त्यातली ओळखीची एक निवडली, डाव्या खांबालगतची, वर्षभर जिच्याबरोबर पळाली होती तिची, आणि चेंडू अलगद तिकडे सोडला. ज्येष्ठता बघायला कुणाला वेळ मिळाला नाही. नित्याची काठी जमिनीवर होतीच. ठक्क.

पापनाशम चार, तंजावूर एक. पत्रकात तंजावूरच्या बाजूला एकच नाव आलं: नित्या.

विनुता मैदानात धावली. तिने लेकीला उराशी धरलं आणि दहा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

“अम्मा, मी कांही केलं नाही. काठी तेवढी धरून होतें.”

“सरी, असूं दे. काठी कोणाची?”

“पण आणलं तिनं.” नित्याने मैत्रिणीचं नाव घेतलं. “तुझ्या वहींत तरी लिही.”

विनुताने वहीकडे पाहिलं. पेन हातातच होतं. पण वहीची पानं संपली होती. (पुढची सव्वीस कोरी होती.)

निवड झाली. शिबिराला जाताना चंद्रमतीबाईंनी नातीची दृष्ट काढली आणि विनुताने केलेल्या लाडवांचा डबा आपल्या हाताने तिला दिला.

आपल्यालाही बरं वाटलं असेल. नित्या गुणी मुलगी आहे, आणि गोष्टीभर आपण तिच्याच निवडीची काळजी वाहत होतो. त्या दिवशी चेंडू आणणारीचं नाव या गोष्टीत तीनदा येऊन गेलं आहे. मागे न चाळता ते आठवून पाहावं. आठवलं, तर जिल्ह्याला कळवायला हरकत नाही. तिथे रकाना नाही, एवढंच. आठवलं नाही, तर संकोच करू नये. मंडळाकडे अर्ज करावा. उंबरठ्यावर आपल्यासाठी सोळा इंच जागा नक्की निघेल.