आठवा ठिपका

त्या ढालकिड्याकडून राधाकृष्ण सरांना काय काय मिळणार होतं, ते त्यांनी दाढी करता करता मनात मांडून ठेवलं होतं. एक तर शास्त्राच्या पुस्तकात किड्याच्या लॅटिन नावाला चिकटून स्वतःचं नाव. शिवाय "बेडूक कापता आला की झालं जीवशास्त्र," म्हणणाऱ्या गणिताच्या सरांचं तोंड कायमचं बंद. आणि पाथर्डीच्या सासुरवाडीत, जिथे त्यांना अजून 'किडं धरनारं जावाई' म्हणत, तिथे बसायला सतरंजीऐवजी खुर्ची. एवढ्यासाठी गुंतवणूक काय, तर लोणच्याची एक रिकामी बरणी. तीही घरमालकीण रतनबाईची.

साल एकाहत्तर, महिना जानेवारी. काष्टीत रतनबाईच्या करडईवर माव्याची कीड पडली होती आणि ती खायला ढालकिडे आले होते. तुरीच्या डाळीएवढे, शेंदरी, पाठीवर सात काळे ठिपके. सरांनी वीस पकडून बरणीत घातले, तोंडाला फडकं बांधलं आणि तीन दिवसांच्या शिबिराला नगरला जाताना रतनबाईला बजावलं, "मावशी, जिवापाड सांभाळा. एकालाही काही होता कामा नये."

"चार लेकरं वाडवली म्या, मास्तर. ही तर किडं हायती. जावा बिनघोर."

सर परतले तेव्हा वीसच्या वीस किडे बरणीत तुरुतुरु फिरत होते. सरांनी भिंग लावलं, ठिपके मोजले. आठ. दुसरा किडा घेतला. आठ. सगळ्यांनाच आठ! आणि आठवा फक्त डाव्या पंखावर.

किडे ओळखायच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, की आधी किडा उलटा करावा, मागच्या पायाच्या मुळाशी पोटावरची रेघ बघावी, मिशांचे पेर मोजावेत, नख्या दुभंगलेल्या आहेत का ते पाहावं. पण ज्याला पाठीवर आठ ठिपके सापडले, तो पोट कशाला बघेल? सरांनी ते पान उलटलं. सहा किडे मारून टाचणीला लावले आणि पुण्याच्या तज्ज्ञांना पत्र लिहिलं: 'आठवा ठिपका किंचित उठावदार. त्यावर तेलकट झाक. कोरड्या हवेशी जुळवून घेतल्याची खूण असावी.' 'तेलकट झाक'खाली दोन रेघा मारल्या.

तज्ज्ञ येतो म्हणाले आणि गाव जागं झालं. शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब दारात हजर.

"मास्तर, नाव काय ठिवनार किड्याचं?"

"रिवाजाप्रमाणे... राधाकृष्णी."

"आन काष्टी कुटं गेली? करडई काष्टीची, मावा काष्टीचा. काष्टीत खाऊनपिऊन मोटा झाला किडा, आन नाव तुमचं?"

"आबा, शोध मी लावलाय."

"मंग आडनावाच्या जागंला लावा की तुमचं."

शेवटी 'काष्टी राधाकृष्णी' यावर तडजोड झाली. फेटा आणला. हलगीवाला सांगून ठेवला.

तज्ज्ञ आले ते एसटीतून. किडकिडीत गृहस्थ, काखेत छोटी पेटी. शाळेच्या पटांगणात, सगळ्या गावादेखत, त्यांनी टाचणीवरचा किडा भिंगाखाली धरला. मग नाकाशी नेला.

"वास घिऊनबी कळतंय व्हय?" मागून कुणीतरी विचारलं.

तज्ज्ञांनी स्पिरिटमध्ये बारीक कुंचला बुडवून किड्याच्या पाठीवरून फिरवला. आठवा ठिपका कुंचल्यावर आला.

"सर, हे काजळ आहे."

आबासाहेब गरजले, "कुनी केलं ह्ये?"

बायकांच्या घोळक्यातून रतनबाई उठली, पदर खोचला. "म्या केलं. एरंडेलाचं हाय, घरी धरल्यालं. भेसळ न्हाई त्यात."

"मावशी! किड्यांना काजळ?"

"मंग काय करू? तुमी नगरला गेलासा आन ही शेजारची बनुबाई आली. म्हनली, 'आगं बया, काय गोजिरवानी दिसत्यात!' दुसऱ्या दिशी बघते तर ईसच्या ईस उताणी. लई वंगाळ नजर हिची."

"माजी नजर?" बनुबाई उसळली. "उपाशी मारली आसशील तू!"

"तुमाला काय तोंड दावू, मास्तर? रानात गेले, ईस मोजून आनली, आन काडीनं एकेकाला तीट लावली. डाव्या अंगाला, लेकराला लावत्यात तशी. रोज माव्याचा ताजा शेंडाबी घातला. फुडं एक मेला न्हाई." शेवटचं वाक्य तिनं तज्ज्ञांकडे बघून, मान ताठ करून म्हटलं.

पटांगण खदखदून हसलं. हलगीवाल्याला इशारा झाल्यासारखं वाटलं, त्यानं दणका दिला.

सरांचे कान तापले. अंधश्रद्धेवर चार वाक्यं ठोकून रतनबाईवर ढकलायची सोय होती. पण पुस्तकातलं उलटलेलं पान त्यांचं त्यांना माहीत होतं. त्यांनी टाचणीवरचा एक किडा उचलला, उलटा केला आणि तज्ज्ञांचं भिंग मागितलं.

"साहेब, मी पाठ वाचली, पोट वाचायचं राहिलं. आता वाचतो."

पोटावरची रेघ, मिशांचे पेर, दुभंगलेल्या नख्या. एकेक खूण ते मोठ्यानं सांगत गेले. आधी आवाज कापत होता, नख्यांपर्यंत वर्गातल्यासारखा खणखणीत झाला.

"कोक्सिनेला. आपला सात ठिपक्यांचाच."

"अचूक," तज्ज्ञ म्हणाले. "हेच आधी केलं असतंत, तर माझी एसटीतली उभ्याची वारी टळली असती. पण या भागातले नमुने आमच्या संग्रहात नाहीत, ते नेतो. चिठ्ठीवर गाव आणि गोळा करणाऱ्याचं नाव लागतं. कुणाचं घालू?"

सरांनी तोंड उघडलं. त्यांनी गोळा केलेले वीस केव्हाच उकिरड्यात गेले होते.

"रतनबाई," ते म्हणाले. "काष्टी."

"आणि खाली ओळख पटवणाऱ्याचं. ते तुमचं तुम्ही लिहा."

सरांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. फेटा आणलेलाच होता, तो आबासाहेबांनी त्यांच्याच डोक्याला बांधला.

जमेला असं पडलं: रतनबाईचं नाव पुण्याला काचेआड गेलं, आबासाहेबांना चिठ्ठीवर काष्टी मिळाली, सरांना खालची ओळ. झळ लागली ती फक्त टाचणीवरच्या सहांना.

पेटी मिटण्याआधी रतनबाईनं टाचणीवरच्या किड्यांकडे एकवार पाहिलं. "बनुबाईच्या नजरंतनं काडली हुती रं तुमाला," ती म्हणाली. "मास्तरच्या टाचनीला कुटं तीट लावू?"