संपूर्ण तपासणी आणि मालनताईंची गोधडी

२०२३ साल होतं. ठाण्याच्या नौपाड्यातली विश्रामची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि त्याच वर्षी त्याच्या बहिणीने, उत्तराने, आयुष्यातलं पहिलं घर घ्यायचं ठरवलं. वय वर्षं चौसष्ट! लग्न केलं नव्हतं, शाळेच्या कचेरीतली नोकरी संपली होती, आणि जन्म सगळा भावाच्या घरात गेला होता. नवी इमारत उभी राहीपर्यंत मंडळी कोलशेतला भाड्याच्या घरात जाणार होती. तिथे कोण कुठे झोपणार हे विश्रामच्या मुलाने, मुकुलने, आधीच ठरवून टाकलं होतं.

"आत्या, तुझ्यासाठी हॉलमध्ये सोफा-कम-बेड! दिवसा सोफा, रात्री तू!"

सगळे हसले. उत्तराही हसली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. पण राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं. तिला स्वतःचं एक दार हवं होतं, आपण लावलं की लागेल असं.

"आणि मी फसायची नाही हं!" तिने जाहीर केलं. "जन्मभर भेंडी शेंडा मोडून घेतली. नारळ कानाशी हलवल्याशिवाय पिशवीत टाकला नाही. घर काय नुसतं बघून घेईन?"

ठाकुर्लीला मालनताईंचं दोन खोल्यांचं घर विकायला होतं. घर मनात भरलं, पण ते तपासायचं कसं? विश्राम म्हणाला, "माझ्या ओळखीचा एक जण भिंतीवर नाणं वाजवून सांगतो." मुकुल म्हणाला, "तू फक्त व्हिडिओ कॉल लाव, मी इथून सांगतो." उत्तराने दोघांनाही बाजूला सारलं आणि घरं तपासून देणाऱ्या एका कंपनीला फोन केला. पलीकडे हितेश नावाचा मुलगा होता.

"मॅडम, तीन पॅकेज आहेत. साधी, सविस्तर आणि संपूर्ण."

"फरक काय?"

"साधीला एक तास लागतो. सविस्तरला अर्धा दिवस."

"आणि संपूर्णला?"

"दोन दिवस! बाथरूममध्ये पाणी तुंबवून ठेवतो, दुसऱ्या दिवशी बघायला येतो."

"माणसं किती येतात?"

"दोन."

"चहा घेतात?"

"घेतात की, मॅडम."

"मग संपूर्णच करा," उत्तरा म्हणाली.

सोमवारी सकाळी हितेश एका मदतनिसाला घेऊन आला. भिंतींना ओलाव्याचं यंत्र लावून झालं, खिडक्या वीसदा उघडून मिटून झाल्या. उत्तरा परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखी मागे मागे! मग हितेशने बाथरूमच्या जाळीत बोळा घट्ट बसवला, दाराशी विटांचा बांध घातला आणि पाणी सोडलं. घोट्याच्या वर पाणी चढल्यावर त्याने टाइलवर निळ्या पेन्सिलीने रेघ ओढली.

"उद्या याच वेळेला येतो. पाणी रेघेवर असलं तर घर पास. खाली गेलं तर गळती!"

"मी राखण करते," उत्तराने सांगितलं.

"मॅडम, पाणी पळून जात नाही."

"तुम्ही जा हो!"

मालनताई कराडकडच्या. नवरा गेल्यापासून एकट्या. मुलगा ऋतुराज पुण्याला. "घर विका आणि या" म्हणून त्याचा रोज फोन. घर विकायचा विषय निघाला की मालनताई उठून गॅस पुसायला जात. चांगला चकाकणारा गॅस!

पाण्याच्या राखणीला बसल्या बसल्या दोघींचं दुपारचं जेवण झालं, मग चहा झाला, मग भाजी निवडून झाली. "आता कुठं जाता? राहा की," मालनताई म्हणाल्या. किती वर्षांनी कुणीतरी राहा म्हणालं! उत्तराने दुसऱ्यांदा म्हणायची वाटसुद्धा बघितली नाही.

मंगळवारी सकाळी नळ फुरफुरला आणि गप्प झाला. त्या दिवशी पाणी बंद असतं, हे ठाकुर्लीत सगळ्यांना ठाऊक. मालनताई बाथरूमच्या दाराशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"एवढं पाणी! आन् आपण नुसतं बघत बसायचं?"

"हात लावायचा नाही, मालनताई. परीक्षा आहे."

"मी फरशी काल घासलीया. पाणी आरशावानी हाय." मग आवाज उतरला. "ताई, माझी एक गोधडी हाय. सासूच्या लुगड्यांची. हे गेल्यापासनं धुतलीच नाही."

"का हो?"

"धुवायला काय, पायानं तुडवून धुवीन. पण पिळाया दुसरं माणूस लागतंय."

उत्तराने पदर खोचला.

पाच मिनिटांत दोन म्हाताऱ्या घोटाभर पाण्यात, एकमेकींचे हात धरून, गोधडीवर थयथय नाचत होत्या! साबण मात्र लावला नाही, कारण परीक्षेचं पाणी! मग मागच्या गॅलरीत एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. ही डावीकडे, ती उजवीकडे. "अगं बाई, सुटलं!" "धरा, धरा!" पिळून पिळून गोधडी दोरखंडासारखी झाली आणि हसून हसून दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. गोधडी गॅलरीबाहेरच्या दांडीवर पडली आणि दोघी पोहे खायला बसल्या.

हितेश आला, बाथरूममध्ये वाकला आणि किंचाळलाच!

"मॅडम! चार बोटं पाणी गेलं! आणि हा रंग बघा!"

पाणी तांबूस झालं होतं. सासूबाईंची लाल लुगडी!

"गंज आहे हा! स्लॅबमधलं लोखंड गंजलंय. मी असली केस पहिल्यांदा बघतोय!" त्याने बाटलीत नमुना भरला आणि साहेबांना फोटो पाठवले.

उत्तराने तोंड उघडलं. तेवढ्यात तिचं लक्ष मालनताईंकडे गेलं. मालनताईंचा चेहरा उजळला होता. घर नापास, म्हणजे विक्री बंद, म्हणजे पुणं रद्द! उत्तराने तोंड मिटलं. एका शब्दात आपल्याला दार मिळेल आणि हिचं जाईल, हे तिला तेव्हा कळलं. तिने पोह्यांची बशी बाजूला सारली.

इकडे बातमी जिन्यावरून आपोआप खाली गेली. खालच्या मजल्यावरचे महिपतराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, बनियनवरच धावत आले.

"वहिनी, लोखंड गंजलं? म्हणजे तुमचं बाथरूम माझ्या डोक्यावर पडणार?"

"साहेब, घर तात्पुरतं रिकामं केलेलं बरं," हितेश गंभीरपणे म्हणाला.

झालं! महिपतरावांनी आधी देव बाहेर आणले, मग टीव्ही, मग कपाट. सगळा संसार मागच्या अंगणात मांडून ते टीव्हीला मिठी मारून बसले. बातमी ठाण्यालाही पोचली आणि मुकुलचा फोन आला, "आत्या, सोड ते घर! सोफा-कम-बेड आलाय!" पुण्याहून ऋतुराज मालनताईंना फोनवर ओरडत होता, "आई, आधी घराबाहेर पड!"

हितेश आणि दोघी खाली अंगणात आल्या, तेवढ्यात महिपतरावांच्या टकलावर टप्पकन लाल थेंब पडला.

"अगं आई गं! फुटला! स्लॅब फुटला!"

सगळ्यांनी वर बघितलं. वर आभाळ होतं. आणि आभाळाच्या अलीकडे मालनताईंच्या दांडीवर एक भलीमोठी लाल गोधडी ठिबकत होती.

हितेशने गोधडीकडे बघितलं. हातातल्या बाटलीकडे बघितलं. मग दोघींच्या तांबूस झालेल्या पावलांकडे बघितलं.

"मॅडम... आज पाणी बंद आहे ना?"

"मी सांगणारच होते," उत्तरा पुटपुटली.

"मी न्हवते सांगणार," मालनताई म्हणाल्या आणि वर गॅस पुसायला निघून गेल्या.

बुधवारी पुन्हा पाणी भरलं. या खेपेला राखणीला महिपतराव बसले, खुर्ची टाकून. गुरुवारी पाणी रेघेवर जसंच्या तसं. घर पास! नाकारायला कुणाकडेच काही उरलं नाही, ना घेणारीकडे, ना देणारीकडे.

विश्रामच्या नव्या इमारतीचे अजून खांबच दिसतात. मुकुलच्या सोफा-कम-बेडवर इस्त्रीचे कपडे झोपतात. महिपतराव अजूनही उत्तराच्या दांडीखालून जाताना डोक्यावर पिशवी धरतात. हितेश कंपनीत मोठा साहेब झाला. मालनताई पुण्याला आठव्या मजल्यावर राहतात. तिथे मशीन आहे आणि गॅस पुसायला बाई आहे. जाताना गोधडी ठेवून गेल्या. "मशीनमध्ये मावत नाही. धुवाया येते की दर उन्हाळ्यात!" एक उन्हाळा आल्याही. पुढच्या उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन निघालं.

उत्तराला दार मिळालं. लावलं की लागतं, आणि मग दुसऱ्या दिवशी ती स्वतःच उघडते.

परवा कंपनीतून एका मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमच्या घराची पुन्हा तपासणी करायची का? आपल्याकडे तीन पॅकेज आहेत."

"संपूर्ण," उत्तरा म्हणाली. "दोन माणसं येतात ना अजून?"

"हो, मॅडम."

"मग एक विचारून ठेवा. त्यांना गोधडी पिळता येते का?"