तिसऱ्या मजल्याची पायरी

इंटरनेट हवेसारखं सर्वांचं असतं. ती हवा कोणाच्या घरात खेळते, हा ज्याच्या त्याच्या खिडकीचा प्रश्न.

इस्त्रीवाल्याला खिडकी नव्हती. त्याचं दुकान आणि घर दोन्ही इमारतीच्या जिन्याखाली. तिथे रेंज येत नसे (इमारत मजबूत होती, ही जमेची बाजू), आणि रिचार्ज बायकोच्या आजारपणातच बंद झालं होतं. मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं वाय-फाय दाराखालून जिन्यात पाझरायचं. बायको कपडे पोचवायला जायची, तेव्हा काकूंनीच एकदा तिच्या फोनमध्ये पासवर्ड घालून दिला होता. पुढे बायको वारली. फोनला ते कोणी सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचला की तो आपला जोडला जायचा.

तिथल्या पायरीवर बसून मुलगी बारावी झाली. आता तिला नर्सिंगचं कॉलेज निवडायचं होतं. शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत.

ही निवड ऑनलाइन ठेवण्यामागे समानतेचा विचार होता. रांगेत धट्टेकट्टे पुढे घुसतात. ऑनलाइनमध्ये कोणी कोणाला ढकलत नाही. जो मागे राहतो, तो मुळात दिसतच नाही.

इमारतीच्या कमिटीनेही याच सुमारास समानतेचा विचार केला. आज एक मुलगी पायरीवर बसते, उद्या सगळ्यांच्याच बसतील (बाकीच्या आपापल्या खोलीत बसत, हा मुद्दा चर्चेला आला नाही). सबब, सुरक्षिततेसाठी प्रत्येकाने पासवर्ड बदलावा, असं एकमताने ठरलं. सूचना सर्वांना कळावी म्हणून ती ग्रुपवर टाकण्यात आली.

तीन वाजता मुलगी खाली आली. "बाबा, आईच्या फोनला नेट लागत नाहीये."

इस्त्रीवाला काकूंच्या चादरी घेऊन वर गेला. "काकू, नवा पासवर्ड मिळेल का? आजच्यापुरता. पोरीच्या ॲडमिशनचं आहे."

"अहो, मला काय जड झालंय? पण कमिटीत हात वर केलाय मी. आज तुम्हाला दिला, उद्या दूधवाला मागेल."

"त्याचं स्वतःचं आहे, काकू."

"बघा! दूधवाल्याला जमतं." मग काकूंनी आवाज खाली आणला. "ती होती तोवर गोष्ट वेगळी होती हो. गेलेल्या माणसाच्या नावावर नेट चालू ठेवणं बरं नाही दिसत."

यावर बायकोला उत्तर सुचलं असतं. इस्त्रीवाल्याने चादरी दिल्या आणि तो खाली आला.

मुलगी चौकातल्या सायबर कॅफेकडे पळाली. तिथे खरी समानता होती, म्हणजे सगळेच रांगेत होते. तिचा नंबर आला तेव्हा पाच वाजून गेले होते.

त्या वर्षी काही जागा रिकाम्या राहिल्या. मुलींची नर्सिंगमधली आवड घटते आहे, असं प्रवेश समितीने अहवालात चिंतेने नोंदवलं. उपाय म्हणून व्याख्यानमाला सुरू झाली. ऑनलाइन.

मुलीचं काही अडलं नाही. ती आता इस्त्री करते, कपडे पोचवते. तिसऱ्या मजल्यावर पोचली की एकदा फोन काढून बघते, एवढंच. हात मात्र आईचा आहे. घडीवर घडी बसते.

हे वाचता वाचता आपण आपल्या कॉलरवरून एकदा बोट फिरवावं. कडक आहे ना? मग मुलगी वाया गेली, असं कोण म्हणेल?