मामांचा ऑइल कूलर

इंजिनाच्या बाबतीत दयाराममामांचा शब्द शेवटचा! मिठागरातलं काम सुटलं तेव्हा त्यांनी पहिला डंपर घेतला. आता तीन आहेत, आणि नुसता आवाज ऐकून मामा सांगतात, कुठल्या डंपरचं कुठं दुखतंय. डॉक्टरसुद्धा एवढ्या लांबून सांगत नाहीत. अशा मामांनी भाचीच्या लग्नाच्या पंधरा दिवस आधी नवीकोरी टर्बो गाडी आणली, अंगणात बॉनेट उघडलं आणि ते मटकन खालीच बसले.

"सगुणा! फसवलं गं आपल्याला!"

सगुणामामी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. "काय झालं वो?"

"टर्बो हाय, आन् ऑइल कूलर न्हाय! डंपरला बघ, केवढा जाळीचा कूलर असतो. तेल थंड झालं न्हाय तर टर्बो भाजून निघंल, वांग्यासारखा!"

लगेच शोरूमला फोन. तिकडून किशोरी नावाची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, कूलर आहे. इंजिनाच्या आतच बसवलाय."

"आत वारा कुठनं लागणार, बाय? पेटीत पंखा ठेवून कुणाला वारा आलाय का?"

"सर, पण तो आहे..."

"मग दिसत का न्हाय?"

किशोरीला फोनवरून तो दाखवता येईना. मामांनी फोन ठेवला. कंपनीला कळत नाही, ते आपल्याला कळतं, यावर त्यांचं शिक्कामोर्तब झालं.

खरं तर प्रश्न गाडीचा नव्हताच. भाची रुचिका तीन वर्षांची असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून मामांनीच तिला वाढवलं. लग्न मुलाकडच्या मांडवात, खाडीपलीकडे, बोर्लीजवळ. मुहूर्त बारा चाळीसचा. मामाने हाताला धरून मांडवात आणल्याशिवाय नवरी पाटावर उभी राहत नाही. तेव्हा रुचिका जाणार ती मामाच्या गाडीतून, आणि गाडी रस्त्यात गरम होणार नाही म्हणजे नाही! मामांनी बाजारातून जाळीदार कूलर आणला, पुढच्या बंपरमागे तारेने आवळला आणि जुन्या डंपरचे पाइप कापून स्वतःच्या हातांनी जोडले.

"आता दिल्लीपर्यंत पळ," असं त्यांनी गाडीच्या टपावर थाप मारून सांगितलं. जायचं होतं खाडीपलीकडे बोर्लीला.

लग्नाच्या सकाळी मुरूड ओलांडलं आणि डॅशबोर्डवर काट्यांच्या मधोमध लाल दिवा लागला. मागच्या सीटवरून शालू सावरत रुचिका म्हणाली, "मामा, तेलाच्या किटलीचं चित्र आलंय."

"येणारच! तेल लय थंड झालं असंल. गाडीला सवय न्हाय बिचारीला."

आगरदांड्याला फेरीबोटीसाठी पाऊण तास रांग होती. गाडी सावलीत उभी राहिली, आणि खालून थेंब थेंब काय पडतंय ते कुणी पाहिलं नाही. बोटीवर चढल्यावर मात्र थेंबांची धार झाली. काळा ओहोळ शांतपणे मागे सरकत गेला आणि मासळीच्या टेम्पोतून उतरणाऱ्या आवडाबाईंच्या पायाखाली पोचला.

"अगो बाय माझे!"

आवडाबाई टोपलीसकट सरकत थेट कठड्याला टेकल्या. बांगडे उधळले. त्यांना उठवायला सगुणामामी धावल्या, आणि त्याही बसल्या! खलाशी ओरडला, "तेल कुणाचं हाय?" सगळ्या बोटीने मामांच्या गाडीकडे बोट दाखवलं.

मामांचा चेहरा पांढरा पडला. पण हार मानतील ते मामा कसले? झब्बा घातलेला असतानाच ते गाडीखाली शिरले. "रुचिका, चालू कर गं! गळतंय कुठं ते बघतो!"

रुचिकाने बटण दाबलं. आधीच सैल झालेला पाइप निसटला, आणि उरलंसुरलं तेल डोक्यापासून झब्ब्यापर्यंत मामांवर! "बंद कर! बंद कर!" बाहेर आले तेव्हा फक्त दोन डोळे दिसत होते, आणि तेही मोठे झालेले.

रुचिकाने गाडी बंद केली. मग काहीतरी उपाय सापडेल म्हणून तिने कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं, वरचं प्लॅस्टिक फाडलं आणि पानं उलटत गेली. एकाएकी ती थबकली.

"मामा... कूलर होता रे. हे बघ चित्र. तेलाच्या फिल्टरच्या मागं. त्याला वारा लागतच नाही, तो पाण्यानं थंड होतो."

मामांनी चित्र पाहिलं. पुन्हा पाहिलं. आपल्या तीस वर्षांच्या अकलेवर कुणीतरी डंपर रिकामा केला असं त्यांना वाटलं.

पलीकडे दिघीच्या धक्क्यावर गाडी ढकलत उतरवली तेव्हा बारा वाजायला आले होते. गाडी तिथंच सोडावी लागणार होती. शेवटी आवडाबाईच कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमास्नी खाडीत टाकाला पायजे! पन पोरीचं लगीन हाय. बसा टेम्पोत." नवरी पुढे आवडाबाईंजवळ बसली, मामा-मामी मागे बर्फाच्या पेट्यांवर. सगुणामामी सबंध रस्ता मामांकडे पाठ करून साडीवरचं तेल पुसत राहिल्या. मामांना त्याचीच जास्त भीती वाटली.

मांडवाच्या दारात बायकांनी रुचिकाला झटकन आत नेलं. मामीही गेल्या. मामांना मात्र दोन पोरांनी अडवलं.

"मेकॅनिककाका, पाण्याचा नळ तिकडं मागं हाय."

"अरे, मी मामा!"

"व्हय व्हय. आधी हात धुवा, मग जेवून जा."

आतून भटजींचा आवाज माइकवर आला, "मुलीचे मामा! मुलीचे मामा कुठे आहेत? मुहूर्त टळतोय!" मामा दारातून दोन्ही हात हलवू लागले, तर पोरांनी ते धरूनच ठेवले. लहानपणापासून जिला खांद्यावर नेलं, तिच्या लग्नात आपण बाहेर!

एवढ्यात सगळा मांडव दाराकडे वळला. खुद्द नवरी चालत दारापर्यंत आली होती! तिने मामांचा तो काळा हात सगळ्यांदेखत घट्ट धरला. "हाच माझा मामा. हा नसंल तर मी पाटावर उभी राहायची न्हाय."

शालूवर मामांची पाच काळी बोटं उमटली. मामांच्या गालांवर दोन स्वच्छ रेघा दिसू लागल्या. लग्न वेळेत लागलं.

पंगतीत वरपिता धर्माजी मामांशेजारी येऊन बसले. "व्याही, तुम्ही इंजिनातले दर्दी, असं ऐकलंय. आमची नवी गाडी पण टर्बोच हाय. ऑइल कूलर बसवावा का?"

मामांनी घास खाली ठेवला, पानाकडे बघितलं आणि ते हळूच म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाय हो."

दिवसभर एवढं रामायण झालं, पण सगुणामामींना ठसका लागला तो तेव्हा!