सातव्या अर्थाचं उदाहरण

'फोडणे' या क्रियापदाच्या सातव्या अर्थापाशी कोशकार तीन दिवस अडकून पडले होते. आधीचे सहा अर्थ सुरळीत गेले. दगड फोडणे, कुलूप फोडणे, हंबरडा फोडणे, पक्ष फोडणे वगैरे. सातवा अर्थ होता 'गुप्त गोष्ट उघड करणे'. अर्थ सोपा, पण उदाहरण मिळेना. जुन्या कोशात 'हेराने राजाचे गुपित फोडिले' असं वाक्य होतं.

"राजा गेला, हेर गेला, आता वाक्य तरी कशाला ठेवायचं?" कोशकार म्हणाले. उदाहरण जिवंत माणसाच्या तोंडून आलेलं हवं, हा त्यांचा हट्ट होता.

व्युत्पत्ती मात्र त्यांनी आवडीनं लिहिली होती. मूळ संस्कृत धातू 'स्फुट्'. त्याचा अर्थ तडकणं आणि उमलणंही. म्हणून मडकं फुटतं आणि पालवीही फुटते.

"मग सर, गुपित कसं फुटतं? मडक्यासारखं की पालवीसारखं?" त्यांची कार्डं टाइप करणाऱ्या टंकलेखिकेनं विचारलं. ती वीस वर्षं त्यांच्यासमोर बसत होती आणि असे प्रश्न विचारणं हा आपला हक्क समजत होती.

"मडक्यासारखं. नुकसान होतं ना!" कोशकार म्हणाले आणि विषय संपला.

त्याच संध्याकाळी ते घरी पुस्तक चाळत बसले होते. स्वयंपाकघरात बायको फोनवर त्यांच्या थोरल्या बहिणीशी बोलत होती. भांड्यांच्या आवाजातून एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं.

"ताई, पोरीनं विमा कंपनीतली नोकरी सोडली, आता बस चालवते, हे यांच्यापुढं फोडू नका हं!"

कोशकार ताडकन उठले. कर्म होतं, निषेध होता, आर्जव होतं, आणि शेवटचा तो 'हं'! त्यांनी वाक्य जसंच्या तसं कार्डावर उतरवलं आणि त्या दिवशी एक पोळी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी टंकलेखिका टाइप करता करता थांबली.

"सर, यातले 'यांच्यापुढं' म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? सर्वनाम आहे."

"आणि पोर कोणाची?"

"कोणाची का असेना. उदाहरण आहे ते."

"तुमची मुलगी विमा कंपनीतच आहे ना?"

कोशकारांनी कार्ड हातात घेतलं. वाक्य म्हणून ते त्यांना पाठ होतं. बातमी म्हणून त्यांनी ते आत्ता पहिल्यांदा वाचलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. टंकलेखिकेनं न मागता त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला.

घरी गेल्यावर त्यांनी चपला काढायच्या आतच सांगून टाकलं, "मला कळलंय. पोरीचं."

बायकोच्या हातातला कपडा घडी अर्धी राहून खाली आला. "फोडलं कोणी?"

"तूच."

"मी? मी फक्त ताईंना बोलले होते!" असं म्हणून तिनं तडक फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "ताई, एवढं सांगूनही तुमच्या तोंडात राहिलं नाही ना?"

"मी अवाक्षर काढलं नाही!" पलीकडून ताई कडाडल्या. "मला फोडायचंच असतं तर त्याची आरामखुर्ची दुरुस्तीला नाही, भंगारात गेली, हे नसतं का सांगितलं?"

कोशकारांनी वळून पाहिलं. खुर्चीची जागा आठ महिने रिकामी होती.

"असं काय?" बायको पेटली. "मग यांनी दिलेला कोशाचा पहिला खंड तुम्ही गॅलरीच्या दाराला अडकण म्हणून लावलाय, ते?"

"दार आपटतं गं!" ताई एवढंच म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

रागावायचं कशावरून, हे कोशकारांना ठरवता येईना. नोकरी, खुर्ची की खंड?

"मला कोणीच काही का सांगत नाही?" शेवटी त्यांनी विचारलं.

बायको त्यांच्यासमोर बसली. तिचा आवाज खाली आला होता. "पोर चौथीत होती, आठवतंय? रडत घरी आली. म्हणाली, बाबा, मला खेळातून हाकलवून दिलं. तुम्ही काय म्हणालात?"

कोशकारांना आठवेना.

"तुम्ही म्हणालात, 'हाकलवून नाही, हाकलून.'"

पोर कुठल्या डेपोत असते, एवढंच त्यांनी विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कचेरीत न जाता बस डेपोत गेले. मुलगी गणवेशात, बसच्या पुढच्या चाकाशी वाकून हवा बघत होती. वडिलांना पाहून तिचा चेहरा पडला.

"आईनं सांगितलं?"

"तसंच म्हण. मी आत बसू का?"

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. पुढच्या फेरीला दहा मिनिटं होती. ती बोलू लागली. खुर्चीवर बसून दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज तपासताना जीव कसा गुदमरायचा, पहिल्यांदा एवढी मोठी गाडी वळवली तेव्हा आरशात तिचं मागचं टोक कसं संपतच नव्हतं, पंचेचाळीस माणसं आपल्या भरवशावर मागं डुलक्या घेतात तेव्हा कसं वाटतं. तिची वाक्यं अर्धवट तुटत होती, कुठं क्रियापदच नव्हतं. कोशकार ऐकत राहिले.

"वळणावर तू गाडी फार हळुवार घेतेस," ते म्हणाले. "मला चहा पिता आला असता."

ती हसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, एक गोष्ट. पहिल्याच दिवशी मी डेपोच्या फाटकाला बस घासली. आईपुढं बोलू नका. तिची झोप उडेल."

"अजिबात नाही," कोशकार म्हणाले. मुलीनं आपल्यावर काहीतरी सोपवलं, याचा आनंद त्यांना लपवता येईना.

दुपारी ते घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. "काय म्हणाली?"

"काही नाही. चांगली चालवते."

"फाटकाचं बोलली असेल," बायको पुटपुटली. "मला डेपोतल्या एका ओळखीच्या बाईंनी कधीच सांगितलंय. पण मला माहीत आहे हे पोटातच ठेवा, पोरीला कळू देऊ नका हं. बिचारी ओशाळेल."

कोशकारांनी मान डोलावली आणि हात धुऊन पानावर बसले. दोन घास खाल्ले आणि थांबले.

"का हो, आज भूक नाही?" बायकोनं विचारलं.

"भूक आहे," कोशकार म्हणाले, "पण पोटात जागा नाही."