शेवटच्या थांब्याचा कंडक्टर

आमच्या गावात माणूस मेलं की पाहुण्यांच्या आधी कंडक्टरला सांगावं लागतं. तसा त्याचा मेलेल्याशी काही संबंध नसतो. पण स्मशानात त्यानं मधमाश्यांचे चार डबे ठेवलेत. चितेचा धूर लागला की माश्या पिसाळतात, म्हणून सरण पेटायच्या आधी तो डब्यांवर ओली पोती टाकतो. तोवर खांदेकऱ्यांना वेशीत अडवतो. "सिंगल बेल! पाच मिनटं थांबा." पोती टाकून झाली की हात वर करून ओरडतो, "डबल बेल, जाऊ द्या!" रडणारी माणसंसुद्धा पदरात तोंड लपवून हसतात.

यष्टीत तीस वर्षं कंडक्टर होता. बायको लवकर गेली, मूलबाळ न्हाई. रिटायर होऊन गावात आला तेव्हा स्मशानात वेड्या बाभळी, काँग्रेस गवत अन् दारूच्या बाटल्या होत्या. प्रेताच्या मागं चालणाऱ्याच्या पायात काटा मोडायचा. यानं एकट्यानं सगळं खणून काढलं. माश्यांना आवडंल तेच लावलं अन् वाफ्यांना थांब्यांची नावं दिली. तुळशीचं तुळजापूर, तिळाचं तेर, सूर्यफुलाचं कळंब. मधी फुटक्या घमेल्यात पाणी, अन् माश्या बुडू नयेत म्हणून त्यात खडे. माश्यांची गर्दी झाली की म्हणायचा, "कळंबवाले पुढं सरका, मागं जागा हाय."

मी त्याला येडा म्हणायचो. माझी बायको कौसा मात्र त्याला पदरात बांधून बी नेऊन द्यायची. तेरचे सगळे तीळ आमच्या रानातले.

औंदा कौसा गेली. त्या दिवशीही कंडक्टरनं आम्हाला वेशीत अडवलं, पोती टाकली. पण डबल बेल काही त्याच्या तोंडातून निघंना. नुसता हात वर केला.

दहाव्याला स्मशानातल्या दगडावर पिंड मांडला. भातात तीळ होते, वरून मध. कावळा समोरच्या लिंबावर येऊन बसला अन् तेवढ्यात कंडक्टरच्या माश्या मधावर उतरल्या. पिंड दिसंनासा झाला. कावळा काही खाली येईना. आम्ही हात जोडून एकेक कबूल करत गेलो. लेकीचं बाळंतपण नीट करू, म्हैस इकणार न्हाई, तुझी पेटी कुणाला देणार न्हाई. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. बाईच्या जिवात काहीतरी राहिलं, असं चार माणसं माझ्या तोंडावर बोलली.

माझं डोकं फिरलं. मी चौथी नापास. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतला, पण सही माझी. स्मशानातली फुलं-बिलं काढा, माश्या हलवा, खाली ब्लॉक टाका. ग्रामपंचायतीत तो लगेच मंजूर झाला.

दहाव्याला आठवडा होत आला, तेव्हापासून कंडक्टर रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन माझ्या ओट्यावर यायला लागला. "पुढं सरका, आबा," म्हणायचा अन् मांडीला मांडी लावून बसायचा. मला वाटलं, अर्ज मागं घ्यावा म्हणून लोणी लावतोय.

"तुला घर न्हाई का रं?"

"हाय की. पण तिथं आमटीला नावं ठेवायला कोण न्हाय." मग माझ्या वाटीत बोट बुडवायचा. "आबा, मीठ कुठल्या थांब्यावर उतरलं?"

मी शिव्या द्यायचो. तो जेवून, ताट घासून जायचा.

जेसीबी यायच्या आदल्या दिवशी शेळ्या राखणाऱ्या सखूबाईनं मला रस्त्यात गाठलं. "आबा, तुमच्या कारभारनीचा पिंड कावळा शिवला, ठावं हाय का?"

"दर्भाचा."

"दर्भाचा न्हवं, खराखुरा. कंडक्टर पाच दिस भाताचा गोळा घिऊन त्या दगडापशी बसत व्हता. आधी डबं झाकायचा. मग कावळ्यापुढं एकेक कबूल करायचा. कावळा ढिम्म. पाचव्या दिशी म्हनला, वैनी, आबाला एकट्यानं जेवू देनार न्हाय. तसा उतरला की त्यो खाली!"

"मग मला का सांगितलं न्हाई त्यानं?"

"म्या बी तेच इचारलं. तर म्हनला, सांगितलं तर म्हातारा दारात उभा करंल व्हय?"

नसताच केला.

कावळ्याला माणसाची भाषा कळती का, मला ठाऊक न्हाई. पण मी जेवताना कौसा समोर बसायची. बोलायची न्हाई, नुसती बसायची. इतकी वर्षं ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ग्रामपंचायतीत जाऊन अर्ज परत मागितला. सरपंच म्हणाले, "आबा, ठराव झालाय. पोरखेळ हाय का?" मी तिथंच फरशीवर बसून राहिलो, उठलोच न्हाई. संध्याकाळी म्हणाले, अर्ध्या जागेत ब्लॉक पडतील, अर्धी सोडतो. सकाळी जेसीबी आला. तुळजापूर अन् तेर वाचलं. कळंब गेलं.

त्या दुपारी कंडक्टर जेवायला आला न्हाई. मी वाट बघितली. मग फडक्यात भाकरी बांधली, बरणीत आमटी घेतली अन् स्मशानात गेलो. उकरलेल्या मातीच्या कडंला तो बसला होता. सूर्यफुलं आडवी पडलेली. मोकळ्या जागेवर माश्या घिरट्या घालत होत्या.

"थांबा बंद झालेला त्यास्नी कळत न्हाय, आबा," तो म्हणाला. "काही दिस अशाच येत ऱ्हातील."

अर्ज माझा होता, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"पुढं सरक," मी म्हणालो.

तो सरकला. मी भाकरी मोडून त्याच्या हातात दिली. त्यानं आमटीत बुडवून घास खाल्ला.

"मीठ?"

"आज बरोबर हाय."

मग मी आमटी चाखली. मीठ घालायचंच राहिलं होतं.